बहीण आर्ट्सवाली, ९१ टक्के: बेळगावात बीए, कोल्हापूर की पुणे? खर्च आणि पुढची नोकरी, दोन्ही बघून सांगा

लोंढा_लाईन

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही म्हणून सगळंच लिहितोय. आम्ही खानापूर तालुक्यातले. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, घरची शेती, भात आणि थोडा ऊस. धाकटी बहीण यंदा सेकंड पीयूसी म्हणजे कर्नाटकातली बारावी आर्ट्स पास झाली, एचईपीएस म्हणजे हिस्टरी, इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स, सोशिऑलॉजी, मार्क ९१ टक्के. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पीयूसी इंग्लिशमधून. तिला इकॉनॉमिक्स नाहीतर सोशिऑलॉजीच पुढं शिकायचंय, आवड आहे म्हणजे खरंच आहे, पेपरात बजेट आलं की कात्रण काढून ठेवते.

घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात बीएच करायची तर खानापूर नाहीतर बेळगावात कर, रोज घरी ये. मामा म्हणायलेत बीए करून काय होणार, नर्सिंगला घाला, पास झाल्या झाल्या नोकरी. आणि हिच्या डोक्यात पुणं, गोखले इन्स्टिट्यूटचं बीएस्सी इकॉनॉमिक्स. तिच्या मॅडमनी अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीचंही नाव सांगितलं. कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ, हा मधला मार्ग म्हणून मी सुचवतोय.

मला विचारायचंय ते असं की खर्चाचा फरक नक्की कशात पडतो, फीमध्ये की राहण्याखाण्यात, आणि एवढा खर्च केला तर पुढं पगारात तो दिसतो का, की बीए ती बीए कुठलीही असो. सोशल सायन्समध्ये कुठल्या विषयाला बाजारात किंमत आहे. आणि आपण सीमाभागातले, मराठी शिकलेलो, कन्नड बोलतो पण लिहिताना चाचपडतो, तर नोकरीच्या बाबतीत आपण दोन्हीकडचे की कुठलेच नाही. लोन काढायची माझी तयारी आहे पण फेडणार मीच आहे तेवढं लक्षात घेऊन सांगा.

टिळकवाडी_ताई

भाऊ, आधी बहिणीचं अभिनंदन. मी बँकेत आहे, लोनच्या टेबलवर बरीच वर्षं काढलीत म्हणून आधी हिशोबाचंच बोलते.

फी बघून कॉलेज ठरवायचं हा इथल्या प्रत्येक घराचा हिशोब आणि तो अर्धाच हिशोब आहे. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात बीएची फी हजारांत असते, बेळगाव काय कोल्हापूर काय, तिथं मोठा फरक पडतच नाही. फरक पडतो रोजच्या ताटात आणि कॉटमध्ये. बेळगावात शिकली तर खानापूरहून कर्नाटकच्या सरकारी लाल बसला तिला तिकीटच नाही, शक्ती योजना ११ जून २०२३ पासून चालू आहे, आधार दाखवलं की झिरो तिकीट. डबा घरचा. म्हणजे वर्षाचा खर्च फी, पुस्तकं, झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज एवढाच. कोल्हापूरला हॉस्टेल नाहीतर रूम, मेस, महिन्यातून एकदा घरी येणं, माझ्या अंदाजानं वर्षाला ६०-७० हजार धर. पुण्याला कॉट बेसिस आणि मेस मिळूनच महिन्याला ८ हजाराच्या खाली भागत नाही, म्हणजे १० महिन्याचे ८० हजार, आणि त्यावर फी वेगळी.

आता लोन. ४ लाखापर्यंत एज्युकेशन लोनला बँक तारण मागत नाही, पालकांची सही लागते. कोर्स संपून १ वर्षापर्यंत हप्ता चालू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, ही गोष्ट सही करताना घरातले कुणी ऐकून घेत नाहीत. ४ लाख १० टक्क्यानं ७ वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता साडेसहा हजाराच्या वर जातो आणि त्यात शिकतानाचं व्याज मी धरलेलंच नाही. बीए झालेल्या मुलीला पहिल्या नोकरीत १५-१६ हजार मिळाले तर त्यातला एवढा भाग बँकेला. इंजिनिअरिंगच्या मुलांचे हप्ते थकलेले मी बघितलेत, तिथं आर्ट्सवर कर्ज काढताना दहादा विचार करा.

म्हणून माझं स्पष्ट मत, बीए इथं करायची आणि पैसा एमएला लावायचा. सोशल सायन्समध्ये नोकरीला विचारतात ते शेवटचं कॉलेज. मुंबईची टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट असो, हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटी असो, जेएनयू असो, गुलबर्ग्याचं आपलं सेंट्रल युनिव्हर्सिटी ऑफ कर्नाटक असो, एमएचा प्रवेश मुख्यतः सीयूईटी पीजी या देशभरच्या प्रवेश परीक्षेच्या मार्कावर आहे, बीए कुठल्या गावात केली ते तिथं कुणी विचारत नाही. सेंट्रल युनिव्हर्सिटीत फी कमी आणि हॉस्टेल आत. ३ वर्षं घरी राहून वाचलेले पैसे त्या २ वर्षांना सहज पुरतात.

आणि शेती आहे म्हणालास तर रयत विद्यानिधी बघितलीस का? २०२१ ला चालू झालेली, शेतकऱ्याच्या मुलीला डिग्रीला वर्षाला ५५००, मुलाला ५००० ठरले होते, आता चालू आहे का ते बघून घे. बाकी स्कॉलरशिप कर्नाटक सरकारच्या एसएसपी पोर्टलवर, आधारला बँक खातं जोडलेलं नसलं की तिथंच अडकतं, ते आधी बघून घे.

अर्जुननगर_रोड

ताईंचा हिशोब बरोबर आहे पण मी निपाणीकडून बोलतोय, आमच्याकडं चित्र वेगळं. आमच्या गावातली पोरं देवचंद कॉलेजला जातात, घर कर्नाटकात आणि कॉलेज अर्जुननगरला म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर, युनिव्हर्सिटी शिवाजी. घरून सायकलवर जाऊन महाराष्ट्राची डिग्री. खानापूरकरांना हे नाही, पण चंदगड तालुक्यात हलकर्णी, चंदगड इथं कॉलेजं आहेत, बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना ती जवळ पडतात. तुम्हाला लांबच.

शिवाजी विद्यापीठाचा मोठा फायदा म्हणजे पेपर मराठीत लिहिता येतो. इकडं नोट्स इंग्लिश नाहीतर कन्नड. मराठी मीडियमची हुशार पोरं आरसीयूच्या म्हणजे बेळगावच्या राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या पहिल्या सेमिस्टरला गप्प होतात ती विषय कळत नाही म्हणून नाही, उत्तर डोक्यात मराठीत असतं आणि कागदावर यायला तयार नसतं. तुमची बहीण पीयूसी इंग्लिशमधून ९१ घेऊन आलीय म्हणजे तिनं ती भिंत ओलांडलीय, मग मराठीत पेपर लिहायला कोल्हापूर गाठायची गरज मला वाटत नाही. उलट इंग्लिश सुटेल.

८६५ गावांचं बोलतो कारण त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातली ८६५ गावं ठरवलीत, तिथल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी सवलती आहेत, सीईटी सेलच्या इंजिनिअरिंग प्रवेशात तर ‘टाइप ई’ अशी वेगळी कॅटेगरीच आहे. विद्यापीठाची त्या त्या वर्षीची सवलत माहितीपत्रकात बघायची, पुढाऱ्याच्या भाषणात नाही. नोकरीचं असं की एमपीएससी, तलाठी भरतीच्या जाहिरातीत १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाचा उल्लेख असतो, त्याप्रमाणे ८६५ गावांत १५ वर्षं राहिल्याचा दाखला असला की आपल्याला अर्ज करता येतो. तेव्हा तुम्ही विचारलंत ना दोन्हीकडचे की कुठलेच नाही, कागद हातात असतील तर दोन्हीकडचे. जातीच्या दाखल्यावरचं आरक्षण मात्र आपोआप पलीकडं चालत नाही, त्याची चौकशी वेगळी करायची.

अजून एक फरक. कर्नाटकानं २०२४-२५ पासून परत ३ वर्षांची डिग्री केली, नव्या शैक्षणिक धोरणाची (एनईपी) ४ वर्षांची डिग्री काढून टाकली. महाराष्ट्रात ३ वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्स करून पुढं १ वर्षाचं एमए. बेरीज दोन्हीकडं ५ वर्षंच. ४ वर्षवाल्याला ७५ टक्के असतील तर एमए न करता नेटला, म्हणजे रिसर्च फेलोशिप-पीएचडीच्या परीक्षेला, बसता येतं हा एक फायदा, पण तो रिसर्चला जाणाऱ्यांसाठी.

वडगाव_मागवाला

मी मामांच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

माझ्या थोरल्या मुलानं हिस्टरीत एमए केलं, फर्स्ट क्लास, के-सेट म्हणजे कर्नाटकातली लेक्चररची पात्रता परीक्षा पण पास झाला. आज एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं ऑर्डर, सुट्टीच्या दिवसांत पगार नाही, आणि ऑर्डर उशिरा निघाली तर तेवढे महिने तसेच. मुलगी बघायला गेलो की पहिला प्रश्न, पर्मनंट कधी होणार. महाराष्ट्रात गेला असता तर तिकडं सीएचबी, तासावर पैसे, तेही तसलंच. ही अवस्था पोराची चूक म्हणून नाही, जागाच भरत नाहीत आणि काम तर रोजचं आहे मग कंत्राटावर चालवून घेतात. शिकवण्याच्या आशेवर कुणी सोशल सायन्सला जाणार असेल तर त्याला हे आधी माहीत पाहिजे.

माझी पुतणी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून लागली, पहिल्या महिन्यापासून पगार, घरातलं फ्रीज तिच्या पैशातून आलं. काम जड आहे, नाईट असते, पण कुणापुढं हात पसरत नाही. तुमच्या घरात कमावणारा तू एकटा दिसतोयस. मुलीची आवड खोटी नाही पण घराचं गणितही खोटं नाही.

पुण्याला कर्ज काढून तर अजिबात नको. एवढंच सांगतो.

जांबोटी_फिल्ड

वडगावच्या काकांचं दुखणं खरं आहे, आणि लेक्चररशिपबद्दल त्यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पण सोशल सायन्स म्हणजे मास्तरकी एवढाच अर्थ आपल्याकडं घेतात तिथं माझी तक्रार आहे. मी आरसीयूमधून एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कचं मास्टर्स केलं, ग्रामीण विकासाच्या कामात आहे, तेव्हा आमच्या लाईनचं सांगते.

परवाचंच उदाहरण देते. जांबोटीच्या पुढं एका वाडीवर बचत गटांचा सर्व्हे होता. बंगळूरहून आलेला फॉर्म कन्नडमध्ये, बायका बोलणार मराठी, आणि त्यातल्या दोन गवळीवाड्यावरच्या घरांची बोली अजून निराळी, रिपोर्ट जाणार इंग्लिशमध्ये. ‘कुटुंबप्रमुख कोण’ या प्रश्नाला एक बाई म्हणाली मालक गोव्याला असतात. फॉर्मवर तिनं सांगितलेलं नवऱ्याचं नाव लिहून मोकळं होता आलं असतं. मी पुढं विचारलं, शेत कोण बघतं, रेशन कुणाच्या सहीनं येतं, सोसायटीचं कर्ज कुणी काढलं. सगळीकडं तीच. मग फॉर्मच्या मागं ती नोंद लिहिली, आणि नंतर रिपोर्टमध्ये स्थलांतरावर वेगळा भाग करावा लागला कारण त्या पट्ट्यात तसली घरं पुष्कळ निघाली. सोशिऑलॉजी शिकलेल्या माणसाचं काम ते हे. बंगळूरच्या ऑफिसात इंग्लिश फाड फाड बोलणारे भरपूर आहेत, या वाडीवर बसून तीन भाषांत काम करणारं माणूस त्यांना मिळत नाही. आपली जी अडचण समजतो ना आपण, कन्नडही धड नाही मराठीही धड नाही, तीच नीट केली तर आपली किंमत तिथं आहे.

पगार सांगायचा तर सुरुवातीला कमीच, १८-२० हजार, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधायचा, हे लपवत नाही. पण एमएसडब्ल्यूला वाटा जास्त आहेत. मोठ्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर ठेवावा लागतो, हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर लागतो, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये म्हणजे समाजकामाच्या विभागात माणसं लागतात. मानसिक आरोग्याकडं वळायचं असेल तर एमएसडब्ल्यू करून धारवाडच्या डिमहान्स नाहीतर बंगळूरच्या निम्हान्सला सायकिॲट्रिक सोशल वर्कचं पुढचं शिक्षण आहे. हे सगळं बीए कुठल्याही विषयात करून होतं.

अझीम प्रेमजीबद्दल, त्यांच्या फीचा आकडा बघून वेबसाइट बंद करू नका. कुटुंबाच्या उत्पन्नावर फी माफी असते, उत्पन्न कमी असेल तर पूर्णसुद्धा. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन बघायला काय जातंय. तिथं बीएलाच बाहेर पडली तर कर्ज न काढता पडेल, हा एकच अपवाद मी ताईंच्या ‘बीए घरी’ या मताला करीन. घरी राहून बीए करण्यात एक धोका आहे की घरची कामं, भाताची लावणी, पाहुणे, लग्नाची स्थळं, हे सगळं मुलीच्या अभ्यासातून वजा होतं. मुलगा घरी असला की तो अभ्यास करतोय, मुलगी घरी असली की ती मोकळीच आहे असं धरतात. तुम्ही भाऊ म्हणून ते ३ वर्षं सांभाळणार असाल तर बेळगाव चालेल.

कोर्ट_रोड

थोडक्यात माझंही. बीए नंतर ३ वर्षांचं एलएलबी हा मार्ग कुणी लिहिला नाही. बेळगावात आरएल लॉ कॉलेज आहे, युनिव्हर्सिटी हुबळीची लॉ युनिव्हर्सिटी. धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलंय, दोन्ही बेळगावहून जाऊन येण्याच्या अंतरावर. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो त्यामुळं जमिनीचे जुने कागद मराठीत, कधी मोडीतसुद्धा निघतात, आणि आजचे सगळे कन्नडमध्ये. दोन्ही वाचणारा वकील इथं रिकामा बसत नाही. पोलिटिकल सायन्स, हिस्टरीवाल्यांनी हे डोक्यात ठेवा. पहिली ३-४ वर्षं सीनियरकडं कमाई नसल्यातच जमा असते तेवढी घरानं सोसायला पाहिजे.

लोंढा_लाईन

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री जेवताना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. बाबांना ८६५ चं माहीतच नव्हतं. मामांनाही पाठवलं. खाली बहीण स्वतः लिहितेय, माझ्याच अकाऊंटवरून.

नमस्कार, मी बहीण. काका, तुमचा मुद्दा मला पटला नाही असं नाही. नर्सिंगला मी नको म्हणते ते काम जड म्हणून नाही, मला ते येणार नाही, आणि जे येणार नाही ते पेशंटवर करणं बरोबर नाही. जांबोटीच्या ताईंनी लिहिलं ते काम वाचून मात्र मला वाटलं की हेच. आमच्याकडं दरवर्षी भाताचा भाव पडला की सगळे व्यापाऱ्याला शिव्या घालतात, पण भाव कोण आणि कसा ठरवतं ते कुणालाच सांगता येत नाही, मला ते शोधायचंय. म्हणून इकॉनॉमिक्स.

पुण्याचा हट्ट मी सोडते पण दोन शंका आहेत. मला पीयूसीला मॅथ्स नव्हतं, मग पुढं एमए इकॉनॉमिक्सला अडेल का. आणि सोशिऑलॉजी की इकॉनॉमिक्स, नोकरीच्या दृष्टीनं कशाला वजन आहे, कारण दोन्ही आवडतात.

टिळकवाडी_ताई

बाळ, तू लिहिलंस बरं झालं, आता तुझ्याशीच बोलते.

मॅथ्सचं अडतं, आणि आपल्याकडच्या आर्ट्सच्या मुलांना हे कुणी वेळेवर सांगत नाही. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला मॅथ्स सक्तीचं आहे, गोखलेच्या बीएस्सीत अभ्यासक्रमच गणित आणि स्टॅटिस्टिक्सनं भरलेला आहे. एमएला चांगल्या ठिकाणी प्रवेश परीक्षेत डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी विचारतात. बीएच्या इकॉनॉमिक्सला पाठांतरावर फर्स्ट क्लास मिळतो आणि मग ती मुलं त्या पेपरला बसून कोरी येतात. तुझ्याकडं ३ वर्षं आहेत. इकॉनॉमिक्ससोबत स्टॅटिस्टिक्स किंवा मॅथ्स मिळेल असं कॉलेज बेळगावात शोध, नाही मिळालं तर एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळेत फक्त बारावीच्या मॅथ्स या एका विषयापुरता प्रवेश घेता येतो, त्याची मार्कलिस्ट वेगळी मिळते. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर स्टॅटिस्टिक्सचे, इकॉनॉमिक्सचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. एक्सेल तर याच सुट्टीत शिकून घे.

इकॉनॉमिक्स की सोशिऑलॉजी, तर बीएला इकॉनॉमिक्स मेन धर. कारण सरळ आहे, इकॉनॉमिक्सवालीला उद्या सोशिऑलॉजी, एमएसडब्ल्यू, रूरल डेव्हलपमेंट कशालाही जाता येतं, सोशिऑलॉजीवालीला उद्या इकॉनॉमिक्सला येणं त्या गणितामुळं अवघड जातं. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा आहे यूपीएससीची, ती इकॉनॉमिक्सच्या पोस्ट ग्रॅज्युएटलाच देता येते. जागा थोड्या असतात पण आर्ट्सच्या भाऊगर्दीपेक्षा स्पर्धा वेगळी.

बँकेचंही सांगते. क्लार्कच्या भरतीत तू एकाच राज्यासाठी फॉर्म भरू शकतेस आणि त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते. आमच्या ब्रँचला भाषेच्या टेस्टला आलेली एक मुलगी, बेळगावचीच, कन्नड घडाघडा बोलली आणि एक उतारा वाचायला दिला तर जोडाक्षरांवर थांबली. लेखी परीक्षा पास होऊन आलेली. तू दोन्ही भाषा पक्क्या ठेवल्यास तर दरवर्षी कुठल्या राज्यात जागा जास्त आहेत ते बघून फॉर्म भरायला मोकळी, ही सवलत ना पुण्याच्या मुलीला आहे ना म्हैसूरच्या. केपीएससीला (कर्नाटकची एमपीएससी), पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेला कन्नडचा पेपर पास व्हावाच लागतो. म्हणून रोज एक कन्नड पेपर, निदान अग्रलेख तरी, आणि आठवड्याला एक पान हातानं लिहून काढायचं.

जांबोटी_फिल्ड

ताईंशी सहमत, इकॉनॉमिक्स घे. फक्त सोशिऑलॉजी दुसरा विषय म्हणून ठेव, सर्व्हेचं शास्त्र, रिसर्च मेथड्स तिथं जास्त नीट शिकवतात. भाताच्या भावाचं तू जे म्हणालीस ते बीएच्या प्रोजेक्टलाच घे की. खानापूरच्या एपीएमसीत आवक आणि भाव रोज लिहून लावलेले असतात, केंद्राचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, आणि तुझ्या गावातल्या २०-२५ घरांना प्रत्यक्षात काय मिळाला तो तू विचारायचा, कुणाला विकला, रोख की उधार, तारीख काय. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडलेस तरी एमएच्या मुलाखतीला तुझ्याकडं बोलायला स्वतःचं काहीतरी असेल. कुठल्या कॉलेजची आहेस हा प्रश्न तिथं मागं पडतो, मी स्वतः मुलाखती घेताना बघते.

वडगाव_मागवाला

पोरीचं लिहिणं वाचलं. माझं मत कर्जाविरुद्ध होतं, तिच्याविरुद्ध नव्हे. घरी राहून, कर्ज न काढता, गणित आणि कन्नड धरून करणार असेल तर माझी काही हरकत नाही. माझ्या मुलाला विचारून सांगतो, त्याच्याकडं के-सेटची पेपर पहिल्याची पुस्तकं आहेत, सगळ्या विषयांना तो पेपर एकच असतो. लागतील तेव्हा घेऊन जा, पैसे नकोत. एमए संपायच्या आत नेट, के-सेट आणि महाराष्ट्राची सेट अशा तिन्ही परीक्षा डोक्यात ठेव. सेट त्या त्या राज्यापुरतीच चालते. माझ्या पोरानं एकच दिली.

अर्जुननगर_रोड

कागदपत्रांचं शेवटचं, कारण हे नंतर धावपळीत करायला गेलं की साहेब रजेवर असतो. रहिवासाचा १५ वर्षांचा दाखला लागतो त्यासाठी शाळेचे दाखले पहिलीपासून सलग जपून ठेवा, रेशन कार्ड, घरपट्टीच्या पावत्या बाबांच्या नावाच्या काढून ठेवा. आधी तुमचं गाव ८६५ च्या यादीत आहे का बघा, खानापूर तालुक्यातली बरीच आहेत, पण यादीत नाव ज्या स्पेलिंगनं आहे तेच दाखल्यावर यायला पाहिजे, आमच्या एका पोराचा अर्ज तेवढ्यावरून परत आला होता. पुढं एमएला महाराष्ट्रात गेली तर आरसीयूचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि तिकडचं एलिजिबिलिटी लागतं, निकाल लागला की लगेच अर्ज टाकायचा. आणि सीयूईटीचे फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी, वर्षाच्या सुरुवातीलाच सुटतात, बीएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच भरायचे.

लोंढा_लाईन

ठरलं मग. बेळगावात बीए, इकॉनॉमिक्स मेन, स्टॅटिस्टिक्स मिळतंय का ते बघायला सोमवारी हाफ डे टाकून दोघंही दोन-तीन कॉलेजं फिरतोय. अझीम प्रेमजीचा फॉर्म पुढच्या वेळी निघाला की भरायचा, मिळालं आणि फी माफ झाली तर बाबा पाठवायला तयार झालेत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. एनआयओएसचं मॅथ्स दोन्हीकडं उपयोगाचं असल्यानं ते आत्ताच घेतोय. भात लावणीच्या वेळी तिला वगळायचं, त्या आठवड्याला मी रजा काढणार, हे आईसमोर कबूल केलंय. काका, पुस्तकं न्यायला रविवारी वडगावला येतो, पत्ता मेसेजमध्ये टाका.